डोकं नाही, मग मागे फिरायचं कळलं कसं?

शेवंती (सदाशिव पेठ)

गौरी-गणपती झाले आणि फुलदाणीतलं पाणी टाकायचं राहून गेलं. आठ-दहा दिवसांनी ओतायला घेतलं तर वास सुटला होता आणि वर सायीसारखा पातळ थर धरला होता. भाची आठवीत आहे, त्या दिवशी माझ्याकडेच होती. म्हणाली, "मावशी, टाकू नकोस, सूक्ष्मदर्शक काढ." शाळेतून निवृत्त होताना मी एक जुना सूक्ष्मदर्शक विकत घेऊन ठेवला होता. काचपट्टीवरच्या थेंबात कापसाचे चार तंतू सोडले, म्हणजे आतले जीव फार सैरावैरा पळत नाहीत, आणि तिला डोळा लावायला सांगितलं.

पॅरामिशियम होते, एकाच पेशीचे जीव, भरपूर. चपलेच्या तळव्यासारखा आकार, अंगभर हलणारे हजारो केस. एक जण पोहत पोहत तंतूवर आपटला, सरळ मागे सरकला, जरासा वळला आणि पुन्हा पुढे निघाला. पुन्हा आपटला. पुन्हा मागे, पुन्हा थोडं वळून पुढे. चौथ्या खेपेला तंतूच्या कडेने निघून गेला.

भाचीने विचारलं, "त्याला मेंदू नाही ना? मग मागे जा असं सांगितलं कुणी?"

मी बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. 'उद्दीपनाला प्रतिसाद' हे शब्द ओठांवर आले आणि तिथेच अडले. प्रश्नालाच एक भारदस्त नाव देऊन मी तिला गप्प बसवणार होते. तिला म्हटलं, चार दिवस दे, वाचून सांगते.

वाचलं ते असं. पॅरामिशियमच्या पटलाच्या, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्याच्या, आत आणि बाहेर विजेचा दाब सारखा नसतो, आतली बाजू ऋण असते. कॅल्शियम बाहेर भरपूर आणि आत हजारो पटींनी कमी. जीव ते सतत उपसून बाहेर टाकत असतो. पुढचं टोक आपटलं की तिथलं पटल ताणलं जातं आणि ताणाने उघडणारी दारं उघडतात. थोडं कॅल्शियम आत येतं, विजेचा दाब बदलतो. हा बदल क्षणात अंगभर पोचतो आणि केसांच्या पटलात असलेली, दाब बदलला की उघडणारी कॅल्शियमची दारं उघडतात. केसांत कॅल्शियम शिरलं की त्यांचा फटका उलट्या दिशेने बसू लागतो. जीव मागे जातो. मग कॅल्शियम उपसून बाहेर काढलं जातं, केस पुन्हा सुलटे होतात, पण तोपर्यंत तोंड थोडं दुसरीकडे वळलेलं असतं.

मागच्या टोकाला धक्का बसला तर मात्र पोटॅशियमची दारं उघडतात, विजेचा बदल उलट होतो आणि तो जोरात पुढे पळतो. म्हणजे धक्का पुढून की मागून हे ओळखणारं आत कुणी बसलेलं नाही. पुढे एक प्रकारची दारं जास्त, मागे दुसऱ्या प्रकारची. उत्तर मांडणीतच आहे.

यातली मला फार आवडलेली गोष्ट: केसांमधली ती कॅल्शियमची दारं ज्यांच्यात बिघडलेली आहेत असे पॅरामिशियम चिंग कुंग यांनी १९७०च्या सुमारास शोधून काढले. त्यांना मागे जाताच येत नाही. नाव ठेवलं 'पॉन', म्हणजे बुद्धिबळातलं प्यादं.

इथे या विषयातली माणसं आहेत, म्हणून धागा काढते आहे. बाकीच्या पेशींचं कसं असतं? भाचीला अजून पुष्कळ सांगायचं आहे.

टेकडीवाला

वाह. प्याद्याची गोष्ट आजवर ऐकली नव्हती. वाचतोय.

कोडवाला

ताई, मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून माझ्या भाषेत विचारतो. हे सगळं 'असं झालं तर तसं कर' अशा ओळींसारखं वाटतंय. मग तो प्रोग्रॅम म्हणजे डीएनए का? आपटल्यावर प्रत्येक वेळी डीएनए वाचून ठरवतात का मागे जायचं?

पाषाण_रोड

कोडवाला, नाही. डीएनए वाचून त्यावरून प्रथिन तयार व्हायला मिनिटं लागतात आणि पॅरामिशियम सेकंदाच्या आत उलटा फिरतो. डीएनए ही दारं कशी बनवायची ते सांगतो. दारं एकदा बसली की रोजचा कारभार दारांचा.

मी बरीच वर्षं जिवाणूंवर काम केलं आहे, तेव्हा ई. कोलाय या जिवाणूबद्दल लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

ई. कोलाय साधारण दोन मायक्रोमीटर लांबीचा. अंगावर चार-सहा लांब कशाभिका, म्हणजे पोहायला लागणारे शेपटीसारखे धागे, प्रत्येकीच्या बुडाशी खरीखुरी गोल फिरणारी मोटर. ती फिरते हे हॉवर्ड बर्ग यांनी १९७३ मध्ये मांडलं, तोवर बहुतेकांना वाटायचं की कशाभिका चाबकासारख्या हलतात. मोटरी एका दिशेने फिरल्या की सगळ्या कशाभिकांची जुडी होते आणि जिवाणू सरळ पोहतो, साधारण एक सेकंद. मग मोटरी दिशा बदलतात, जुडी सुटते, जिवाणू सेकंदाच्या दहाव्या भागापुरता जागीच गडबडतो आणि जे तोंड येईल तिकडे निघतो. त्याला येतं ते एवढंच. वळायचं कुठे हे तो ठरवू शकत नाही. तरीही साखरेकडे पोचतो.

तुम्ही मंडईत फुलांच्या गल्लीकडे डोळे मिटून निघाला आहात असं समजा. उजव्या नाकपुडीत वास जास्त की डाव्या, हे काही सांगता येत नाही. मग काय कराल? चार पावलं टाकाल. मोगऱ्याचा वास मघापेक्षा वाढला तर तसेच चालत राहाल. कमी झाला तर थांबून कुठेतरी वळाल. जिवाणूही हेच करतो. अंग इतकं लहान की डोक्याकडची साखर आणि शेपटीकडची साखर यांतला फरक मोजण्याजोगा नसतो. म्हणून तो आत्ताची साखर आणि काही सेकंदांपूर्वीची साखर यांची तुलना करतो. वाढत असेल तर गडबडणं लांबवतो, सरळ पोहणं वाढतं.

आता तुलना करायची तर मघाचं लक्षात हवं. ही आठवण असते कुठे?

जिवाणूच्या टोकाशी हजारो रिसेप्टरांचा, म्हणजे बाहेरचे रेणू ओळखणाऱ्या प्रथिनांचा, दाट पुंजका असतो. रिकामे असताना ते एका विकराला (एन्झाइमला) चालू ठेवतात. ते विकर चे-वाय नावाच्या छोट्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवतं, फॉस्फेटवालं चे-वाय मोटरीला जाऊन चिकटतं आणि मोटर दिशा बदलते. साखर रिसेप्टरवर बसली की विकर मंदावतं, चे-वाय कमी होतं, गडबडणं कमी होतं. दुसरं एक प्रथिन चे-वायवरचे फॉस्फेट सतत काढत असतं, नाहीतर जुना निरोप पेशीत घोटाळत राहिला असता.

त्याच वेळी आणखी एक संथ काम चालू असतं. रिसेप्टरांच्या आतल्या भागावर मिथाइल गट नावाच्या छोट्या रासायनिक खुणा चढवल्या आणि उतरवल्या जातात. विकर बराच वेळ मंद राहिलं की मिथाइल गट चढतात आणि ते पुन्हा पूर्वीच्या वेगाला येतं. म्हणजे साखर तेवढीच राहिली तर काही सेकंदांत जिवाणू तिला सरावतो. मंडईत फुलांच्या दुकानात बसलेल्या माणसाला मोगऱ्याचा वास येईनासा होतो, तसंच. रिसेप्टरवर साखर किती बसली हे 'आत्ता', आणि मिथाइल गट किती आहेत हे 'मघाशी'. दोन्ही एकाच रेणूवर लिहिलेलं असतं आणि वजाबाकीही तिथेच होते. कोडवाला, तुमच्या यंत्रात मेमरी वेगळी, प्रोसेसर वेगळा. इथे तसं दोन डब्यांत ठेवलेलं काही नाही.

कोडवाला

दादा, शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. सरावणं म्हणजे लक्ष उडणं असं मी समजत होतो. इथे तर सरावला म्हणूनच पुढचा बदल जाणवतो! धन्यवाद, खरंच.

सरळरेषा

लेखन माहितीपूर्ण आहे, पण 'कळतं', 'आठवण', 'निरोप' या शब्दांना माझा आक्षेप आहे. उतारावरून पाणी खाली येतं तेव्हा पाण्याला उतार 'कळला' असं आपण म्हणत नाही. ही रसायनं आहेत, ती त्यांच्या नियमाने वागतात. मुलांना असं सांगितलं तर त्यांना वाटेल की जिवाणू विचार करतो.

शेवंती

सरळरेषा, आक्षेप रास्त आहे. भाचीला सांगताना मीही या शब्दांपाशी अडखळले. पाषाण रोड, तुम्ही काय म्हणाल?

पाषाण_रोड

सरळरेषा, जिवाणू विचार करतो असं मीही म्हणणार नाही. पण पाण्याच्या उदाहरणात एक फरक सुटतो आहे. पाण्याला खाली ओढणारा जोर आणि 'उतार आहे' ही खबर, दोन्ही एकच आहेत. जिवाणूत ती वेगळी आहेत. ज्युलियस ॲडलर यांनी १९६०च्या दशकात दाखवलं की गॅलॅक्टोज पचवूच न शकणारे ई. कोलायही गॅलॅक्टोजकडे जातात. पोटात त्या साखरेतून काहीही पडत नाही, पोहायची शक्ती दुसरीकडून येते, तरी दिशा ती साखर ठरवते. म्हणजे साखर इथे इंधन म्हणून आली नाही, खूण म्हणून आली. या खुणेला 'माहिती' म्हणायला मला संकोच वाटत नाही.

आणि ही माहिती मोजताही येते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये टेलिफोनच्या तारांसाठी जे माप दिलं, तेच. आपल्या पेशींना दाह कळवणारा टीएनएफ नावाचा रेणू आहे. एकेका पेशीला त्याच्याकडून किती कळतं हे २०११ मध्ये मोजलं गेलं, तर उत्तर आलं सुमारे एक बिट. म्हणजे टीएनएफ 'आहे' की 'नाही' एवढंच, किती आहे ते धड नाही. त्याच पेशीचा प्रतिसाद एका क्षणी न मोजता वेळेनुसार कसा चढतो-उतरतो हे पाहिलं तर जास्त कळतं, हे नंतरच्या कामात दिसलं.

सरळरेषा

गॅलॅक्टोजचं उदाहरण पटलं. 'माहिती' मान्य. 'कळतं' या शब्दाबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

रात्रपाळी

मी आयसीयूत काम करते, आत्ता ड्यूटी संपवून आले. वर पाषाण रोड यांनी जाता जाता लिहिलं की फॉस्फेट काढणारं प्रथिन नसतं तर जुना निरोप घोटाळत राहिला असता. त्या एका ओळीवर मला लिहायचं आहे, कारण निरोप पुसला गेला नाही तर काय होतं हे मी इंटर्नशिपमध्ये पाहिलं आहे.

कॉलरा. सकाळी चालत आलेला धडधाकट माणूस दुपारपर्यंत डोळे खोल गेलेला, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहणारी. तीव्र कॉलऱ्यात तासाला लिटरभर पाणी शरीराबाहेर जाऊ शकतं.

आतड्याच्या पेशीत जी-प्रथिन नावाचा एक खटका असतो. बाहेरून संप्रेरकाचा निरोप आला की तो चालू होतो आणि पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू बनू लागतो. बाहेरचा एक रेणू येऊन बसतो आणि आत असे पुष्कळ तयार होतात, म्हणून हळू आवाजातला निरोपही पेशीभर पोचतो. या रेणूच्या शोधाला १९७१ मध्ये अर्ल सदरलँड यांना नोबेल मिळालं. पण खटक्याची खरी करामत ही की तो स्वतःच स्वतःला बंद करतो. कॉलऱ्याचं विष नेमकं तिथे घाव घालतं. खटका बंद व्हायचा विसरतो. सायक्लिक एएमपी वाढत राहतं, क्लोराइडची दारं उघडी पडतात, क्लोराइडमागे सोडियम आणि त्यांच्यामागे पाणी. पेशी मेलेली नसते, फाटलेली नसते. कुणीही न दिलेला हुकूम ती पाळत राहते.

हे जिवाणूचं विषच करतं, हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. ज्या द्रवात कॉलऱ्याचे जिवाणू वाढले, तो गाळून जिवाणू काढून टाकले आणि उरलेला द्रव सशाच्या आतड्यात घातला. तरीही आतडं पाण्याने फुगलं. त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

याच पेशीत दुसरं एक दार आहे, सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालून आत घेणारं. विष त्याला हात लावत नाही. म्हणून एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पाजलं तर पाणी आत जातं. नुसतं मीठ-पाणी दिलं तर एवढं जात नाही, साखर हवीच. १९७१ मध्ये आजच्या बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर पिंपांतून हे पाणी वाटलं आणि ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूंचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. (चमचे लहान, चहाचे. मीठ जास्त झालं तर लहान मुलांना धोका असतो. तयार पुडी मिळत असेल तर तीच वापरा आणि रुग्ण मलूल वाटला तर दवाखान्यात न्या.)

टेकडीवाला

डॉक्टर, काटा आला अंगावर.

विरजण

मी घरगुती दही-ताकाचा व्यवसाय करते, विज्ञान दहावीपर्यंतचं. दुधात विरजण घातलं की त्या जंतूंना 'दूध आलं' हे कळतं कसं? थंडीत दही लागत नाही म्हणून मी डबा कणकेच्या पिंपात ठेवते, पण तो वेगळा मुद्दा.

पाषाण_रोड

विरजणताई, तुमच्याच प्रश्नाच्या शेजारच्या प्रश्नावर नोबेल आहे. पॅरिसमध्ये जाक मोनो यांनी १९४०च्या दशकात ई. कोलायला ग्लुकोज आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, दोन्ही एकदम दिली. जिवाणू झपाट्याने वाढले, मग वाढ थांबली, मग पुन्हा सुरू झाली. आधी ग्लुकोज संपवलं, मधल्या वेळात लॅक्टोज फोडायची अवजारं तयार केली, मग लॅक्टोज. पुढे फ्रान्स्वा जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये हे कसं होतं ते मांडलं. लॅक्टोज फोडणाऱ्या जनुकांच्या तोंडाशी एक प्रथिन कुलपासारखं बसलेलं असतं. लॅक्टोज आत आलं की त्याच्यापासून बनलेला एक रेणू त्या कुलपाला चिकटून ते काढतो. पण कुलूप निघालं तरी ग्लुकोज शिल्लक असेतो काम रखडतं. ग्लुकोज संपलं की एक निरोप्या रेणू वाढतो आणि जनुकांना जोर देतो. तो रेणू कोणता? सायक्लिक एएमपी! डॉक्टरांनी सांगितलेला, तोच.

तुमच्या दह्यातले जिवाणू मात्र या बाबतीत निराळे. दह्यातला स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस ग्लुकोजपेक्षा लॅक्टोजच पसंत करतो, कारण पिढ्यानपिढ्या दुधातच राहिला आहे. लॅक्टोज फोडून ग्लुकोजचा भाग वापरतो आणि गॅलॅक्टोज बहुतेक बाहेर टाकून देतो.

रात्रपाळी

सायक्लिक एएमपी! हे मी कधी एकत्र ठेवून पाहिलं नव्हतं. जिवाणूत त्याचा अर्थ 'ग्लुकोज संपलं', आतड्यात 'पाणी सोड', हृदयाच्या स्नायूत 'जोरात ठोके दे', चरबीच्या पेशीत 'साठा मोकळा कर'.

शेवंती

स्वयंपाकघरात शिट्टी झाली की आपण गॅस बारीक करतो. चौकात झाली की गाडी थांबवतो. शाळेच्या मैदानावर झाली की मुलं रांगेत येतात. आवाज तोच. भाचीला हे असंच सांगणार आहे. अर्थ शिट्टीत शोधायला गेलो तर सापडणारच नाही, ऐकणाऱ्याने काय तयारी ठेवली आहे ते पाहावं लागतं.

टेकडीवाला

ताईंच्या शिट्टीवरून एक आठवलं. मिसळीची तर्री जिभेला पोळते, ती खरं तर पोळत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या मज्जापेशींच्या ज्या दाराला चिकटतं, ते दार ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागली की उघडतं. पेशीला गरम आणि तिखट यांतला फरकच करता येत नाही. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने हे दार १९९७ मध्ये शोधलं, २०२१ मध्ये नोबेल मिळालं. आणि पोपट मिरच्या खुशाल का खातात? पक्ष्यांच्या दाराची घडण थोडी वेगळी असते, उष्णता त्यांनाही कळते पण कॅप्सेसिन तिथे बसत नाही. मिरची तीच.

विरजण

मिसळीबरोबर दही का देतात तेही आज समजलं का?

टेकडीवाला

थोडंसं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. दही-दूध ते जिभेवरून उचलून नेतं, पाणी नुसतं पसरवतं.

कोडवाला

एक विचारायचं होतं. पॅरामिशियम चौथ्या वेळी कडेने गेला, तो शिकला म्हणून की योगायोगाने?

पाषाण_रोड

तिथे योगायोगच. थोडं वळून पुन्हा प्रयत्न, एवढंच. पण एकपेशीय जीव सरावतात हे नक्की. स्टेंटर बघा, कर्ण्याच्या आकाराचा. टिचकी मारली की आखडून गोळा होतो. त्याच जोराची टिचकी पुन्हा पुन्हा मारली की हळूहळू आखडायचं सोडतो. ताई, पाषाण तलावाच्या काठच्या काडी-पाल्यावर मिळू शकेल.

शेवंती

पंधरा दिवसांनी लिहिते आहे. मागच्या रविवारी आम्ही दोघी पाषाण तलावावर गेलो, काठची कुजकी काडी-पानं आणि पाणी बरणीत आणलं. तिसऱ्या थेंबात स्टेंटर सापडला, पानाच्या तुकड्याला बूड चिकटवून उभा. भाचीने पेन्सिलीने काचपट्टीच्या कडेला टिचकी मारली, तो गपकन आखडला. मिनिटाभराने पुन्हा उलगडला की पुन्हा टिचकी. वहीत रेघा ओढत होती, आखडला की उभी रेघ, नाही आखडला की आडवी. पाऊण तासात वहीच्या उजवीकडे आडव्या रेघा वाढत गेल्या.

मी म्हटलं, बघ, सरावला. ती म्हणाली, "दमलाही असेल ना मावशी? दमला की सरावला ते कसं ओळखायचं?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिने पेन्सिलीची बाजू बदलली आणि मागच्या जाड टोकाने जरा जोरात टिचकी दिली.

आखडला.

तिने उभी रेघ ओढली आणि तिच्याशेजारी लिहिलं: दमला नव्हता.